गोधडीच्या पोटात

आमच्या शेणव्याच्या घरात माणसं सहा आणि गोधड्या चार होत्या. एक आजीची. एक आईची आणि धाकट्याची मिळून. एक माझी आणि मधल्या भावाची. चौथी जाडजूड, जुनी, पावसाळ्यात सारवलेल्या जमिनीला ओल आली की सगळ्यांच्या खाली अंथरायची. बाबांची गोधडी घरात नव्हती, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नसे, कारण बाबा घरात नसायचे. ते मुंबईला गिरणीत होते, साचाखात्यात. लालबागच्या एका खोलीत गाववाल्यांबरोबर राहायचे. त्यांची वळकटी तिथेच. शिमग्याला, गणपतीला, दिवाळीला आणि रजा मिळालीच तर लावणीला ते येत. आसनगावला गाडीतून उतरून शहापूर, तिथून एस.टी.ने शेणवा. ते आले की ट्रंकेतली सोलापुरी चादर बाहेर निघायची. ती पाहुण्यांची चादर. ते परत गेले की आई ती धुऊन, घडी करून, वर कडुनिंबाचा पाला ठेवून ट्रंकेत टाकायची.

18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे साठांहून अधिक गिरण्यांतले अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पहिले दोन महिने बाबा मुंबईतच थांबले. "आज मिटंल, उद्या मिटंल" असा निरोप येई. मग खोलीचं भाडं आणि खानावळ अंगावर यायला लागली तसे ते घरी आले. त्या वर्षीची लावणी त्यांनी केली, कापणी केली, झोडणीही केली. आमच्यासारख्या कितीतरी गावांत त्या वर्षी असंच झालं. मुंबईचे कामगार गावी परतले आणि मनिऑर्डर यायच्या त्या घरांतून उलट तांदळाची गाठोडी संपकऱ्यांसाठी मुंबईला जाऊ लागली. दिवाळी झाली तेव्हा बाबा पुन्हा एकदा मुंबईला गेले आणि वळकटी, पत्र्याची ट्रंक नि स्टोव्ह घेऊन आले. वळकटीतली सतरंजी जागोजागी विरली होती. थंडीचे चार महिने त्यांनी पाहुण्यांच्या चादरीत काढले.

1983 च्या उन्हाळ्यात माझी सातवीची परीक्षा झाली. एक दिवस आजी सगळ्यांच्या देखत म्हणाली, "त्याला गोधडी नाय. शिवाय पायजे."

आई चुलीपुढे होती. तिने मान वर केली नाही. आमच्या आळीत आईसारखा टाका कुणाचा नव्हता. बाळंतिणींची दुपटी तिच्याकडून शिवून न्यायचे. पण आठ दिवस गेले तरी तिने सुई हातात घेतली नाही. विचारलं की म्हणायची, "बघू. अजून संप मिटला नाय." तेव्हा मला कळलं नाही. गोधडी ही घरात राहणाऱ्या माणसाची असते. बाबांची गोधडी शिवायची म्हणजे ते आता परत जात नाहीत हे आपल्या हाताने टाका घालून पक्कं करायचं. ते आईला नको होतं.

शेवटी आजीने माझ्याकडे पाहिलं. "पोरी, तू शिव."

"मला कुठं येते?"

"येत कुनालाच नाय. बसलं की येतं."

माझी पहिली गोधडी अशी गळ्यात पडली.

गोधडी म्हणजे गरिबी, असं शहरातली माणसं म्हणतात. आजीचं म्हणणं उलट होतं. गोधडीला जुनं कापड लागतं, आणि जुनं कापड उरायचं तर आधी नवं घ्यायला जमलं पाहिजे. तिच्या लहानपणी तिच्या माहेरी गोधडी नव्हतीच. थंडीत भाताचा पेंढा अंथरायचा, मध्ये शेकोटी करायची आणि एका घोंगडीत तिघी बहिणी. अंगावरचं लुगडं विरलं की मधला फाटका भाग काढून दोन धड बाजू जोडायच्या, म्हणजे दंड घालायचा. दंडाचं लुगडं विरलं की त्याचं परकर-झबलं, त्याचं मग लंगोट, आणि शेवटी चिंधीचा काकडा. गोधडीपर्यंत काही पोचतच नसे.

त्याचं कारण या मातीत आहे. शहापूर-मुरबाडचा हा पट्टा भाताचा, नागली-वरईचा. इथे पावसाचा इतका मारा की कापूस पिकत नाही. अंगावरचा धागा न् धागा बाहेरून यायचा, तांदूळ विकून नाहीतर पैसे मोजून. आणि गंमत अशी की कापूस मात्र आमच्या दारावरून जायचा. खानदेश-वऱ्हाडचा कापूस थळ घाट उतरून याच तालुक्यातून मुंबईला जाई. आधी बैलांवर आणि गाड्यांतून, नंतर आगगाडीने. 1853 ला मुंबई-ठाणे गाडी धावली, 1861 ला रूळ कसाऱ्याला पोचले आणि 1865 ला घाट चढून इगतपुरीला गेले. त्याच सुमारास मुंबईत गिरण्या उभ्या राहत होत्या. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली पहिली कापडगिरणी काढली, ती 1856 ला सुरू झाली. पुढे शहर इतकं वाढलं की त्याला प्यायला पाणीही आमच्याच तालुक्यातून न्यावं लागलं. तानसाचं पाणी 1892 ला मुंबईला गेलं. पाणी खाली गेलं, मागोमाग माणसंही गेली, आणि ती सणाला घरी येताना हातात गिरणीचं कापड घेऊन आली. आमच्या घरात गोधड्या शिवल्या जाऊ लागल्या त्या तेव्हापासून. आजोबांचे थोरले भाऊ गिरणीत लागले, त्यानंतर.

शिकवायला आजीने सुरुवात शिवण्यापासून केली नाही, उसवण्यापासून केली. ती चौथी जाडजूड गोधडी वरून पार झिजली होती. "हिलाच आत घालायची," ती म्हणाली. जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाते, ही आमच्याकडची रीत. पण आधी तिचे कुजके थर काढायचे होते. मी अंगणात आंब्याच्या सावलीला बसले आणि ब्लेडच्या तुकड्याने दोरा कापू लागले. दोरा कापायचा, कापड नाही. एवढी एकच अट.

सगळ्यांत वर आईचं हिरवं लुगडं होतं, तिच्या लग्नानंतरच्या वर्षातलं. त्याखाली आजोबांचं धोतर, हात लावला की फाटेल असं. मग मांजरपाटाचा सदरा, शिवणी उसवून सपाट केलेला. आणि त्याच्याखाली एक काळसर लाल लुगडं, ज्याच्यावर टाक्यांच्या भोकांच्या दोन वेगवेगळ्या रांगा होत्या. एक रांग सरळ, मी आता उसवत होते त्या दोऱ्याची. दुसरी तिरकी, तिच्यात दोरा नव्हता, नुसती भोकं. आणि मधोमध दंडाची शिवण.

मी आजीला विचारलं. ती बराच वेळ ते कापड बोटांनी चाचपत राहिली.

"ही मी नेसलेली. कंट्रोलात."

कंट्रोल म्हणजे दुसरं महायुद्ध. गिरण्यांचं कापड मोठ्या प्रमाणात लष्कराकडे जाऊ लागलं, परदेशी माल येईनासा झाला, व्यापाऱ्यांनी गठ्ठे दडवले आणि भाव कैक पटींनी चढले. 1943 साली सरकारने कापड आणि सुताच्या नियंत्रणाचा हुकूम काढला. कापड कार्डावर मिळू लागलं. म्हणजे कार्ड मिळालं, कापड मिळेलच असं नव्हतं. आजी तेव्हा दोन मुलांची आई. तिचं एकुलतं लुगडं दंड घालूनही चालेना. आत बसली तर बसली, पाण्याला कशी जाणार? तेव्हा तिने सासूच्या हातची गोधडी रातोरात उसवली, आतलं त्यातल्या त्यात धड लुगडं काढलं, दंड घातला आणि नेसली. त्याच्यावरची गोधडीची भोकं तशीच दिसायची. विहिरीवर एका बाईने विचारलं, "गोधडी नेसून आलीस काय गं?" आजी म्हणाली, "मी काय बोलनार? तिच्या अंगावर पन तशीच व्हती, तिची भोकं निऱ्यांत लपलेली."

दोन वर्षं ते लुगडं तिने नेसलं. मग कापड मिळू लागलं तेव्हा पुन्हा गोधडी शिवली आणि ते परत तिच्या पोटात घातलं. म्हणून भोकांच्या दोन रांगा.

शाळेत आम्हाला महायुद्ध होतं. हिटलर होता, जपान होता, अणुबाँब होता. ते युद्ध आमच्या घरातही आलं होतं हे मला त्या दिवशी कळलं.

आता शिवण. नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, सत्तावीस फूट. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक पावणेसात फुटांचा. माणूस पाय पसरून झोपेल एवढा. त्यातला एक तुकडा तळाला, एक वर, उरलेले दोन आत. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. आमच्याकडे आधी पाय मोजून मग अंथरूण कापत. आईचं एक पोपटी लुगडं आजीने मागितलं. आईने काही न बोलता आणून दिलं.

ओटीवर जागा सारवून सुकवली होती. तळाचा तुकडा पसरला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, त्यावर जुन्या गोधडीतले धड थर, त्यांच्या फटीत चिंध्या. शर्टाची कॉलर, बाही, खिसा, काजपट्टी सगळं काढून टाकायचं. जाड शिवण आत राहिली की सुई मोडते आणि झोपणाऱ्याच्या पाठीला टोचते. थर लावताना प्रत्येक वेळी हात फिरवायचा, मधून कडेकडे. मग वरचा तुकडा, आणि लांब लांब कच्चे टाके घालून सगळं टाचून घ्यायचं. हे टाचण मी कंटाळून अर्धवट सोडलं, आणि पहिली चूक तीच. चार ओळी शिवून झाल्यावर वरचं कापड सरकलं आणि कोपऱ्याला चुण्यांचा डोंगर उभा राहिला. आजीने हात लावला नाही. म्हणाली, "उसव."

दुसरी चूक दोऱ्याची. पुन्हा पुन्हा ओवायला नको म्हणून मी वावभर दोरा घ्यायची. तो दर चार टाक्यांनी गुंतायचा, गाठ बसायची, तुटायचा. हातभर दोऱ्याने काम लवकर होतं हे कळायला मला तीन दिवस लागले. तिसरी चूक म्हणजे टाका ओढून घट्ट करणं. घट्ट टाका मजबूत असं मला वाटे. पण गोधडी आक्रसून आखडली, वाळल्या पानासारखी कडा वर आल्या. धावदोऱ्याने कापडाला नुसतं धरून ठेवायचं, आवळायचं नाही. आणि चौथी चूक अशी की दुपारी उठायला गेले तर गोधडीही माझ्याबरोबर उठली. मी माझा परकरच तिला शिवून टाकला होता. त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी आई हसली.

आमच्याकडे शिवण कडेने सुरू होते आणि चौकोनात चौकोन घालत आत आत जाते. त्याने चुणी पडलीच तर ती मधल्या भागात ढकलत नेता येते. पुढे वाचनात आलं की उत्तर कन्नडच्या रानातल्या सिद्दी बायकाही गोधडी अशीच कडेकडून आत शिवत जातात, तिला कवंदी म्हणतात आणि शेवटी कोपऱ्यांना कापडाची तिकोनी फुलं लावतात. सिंधमध्ये रल्ली, बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी. जिथे जिथे जुनं कापड टाकून देणं परवडत नाही तिथे बायका थर लावून धावदोरा घालतात. हे कुणी कुणाला शिकवलं म्हणून झालेलं नसावं.

बारा-तेरा दिवसांत तीन बाजू आत आल्या. मध्ये हातभर जागा राहिली, आणि तिथे गोधडी पातळ लागत होती. आजी चाचपून म्हणाली, "पोट रिकामं हाय हिचं. अजून काय तरी घाल." घरातल्या चिंध्या संपल्या होत्या. जुने कपडे फारसे उरतही नसत तेव्हा. स्टीलची भांडी घेऊन येणाऱ्या बोहारणीला दोन धड लुगडी दिली की एक डबा मिळे, आणि डब्याची हौस सगळ्यांनाच होती. उरलेलं कापड टेरिकॉटचं, नायलॉनचं. ते आजी गोधडीत घालू देत नसे. घाम टिपत नाही, घसरतं, आणि कितीही धुतलं तरी मऊ होत नाही, असं तिचं म्हणणं.

बाबा ओटीच्या पायरीवर बसून विळ्याला धार लावत होते. ते उठले, आत गेले आणि आपली पत्र्याची ट्रंक उघडली. खाली, वर्तमानपत्राच्या कागदात, त्यांची गिरणीतली खाकी हाफ पँट आणि बंडी होती. आईने दिवाळीत धुऊन, कडक इस्त्री करून आणलेली. शहापूरला पैसे देऊन. संप मिटला की पहिल्या पाळीला घालायला.

त्यांनी ती माझ्यापुढे टाकली. "घे. सुती आहे."

आई दारात उभी होती. आजी काही बोलली नाही. मला कात्री उचलवेना. बाबांनीच माझ्या हातातून ब्लेड घेतलं, पँटची बटणं एकेक करून काढली, खिसे उसवले, आणि कमरेची जाड पट्टी कापून बाजूला ठेवली. खिशाच्या शिवणीत कापसाची तूस अडकलेली होती, सव्वा वर्षापूर्वीची. ती त्यांनी चिमटीत धरली, जरा वेळ पाहिली आणि फुंकर मारून उडवली. बटणं आजीने डबीत टाकली.

ती खाकी मधोमध बसली. पोट बंद करण्याआधी आजीने आत तांदळाचे चार दाणे टाकले. आमच्या घरात ते टाकत. त्या संध्याकाळी मी विहिरीवरून आले तर आई ओटीवर बसली होती. माझ्या त्या पहिल्या कोपऱ्यातल्या चुण्या तिने उसवल्या होत्या आणि नव्याने शिवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोरा ओवून दे. दिसत नाय मला."

संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. लाखाहून जास्त कामगारांची नोकरी गेली; बाबा त्यातले एक. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी पुढे टॉवर आणि मॉल आले. बाबांनी शेती केली, वीटभट्टीवर हिशेब लिहिला, आणि त्या गोधडीत ते वीसएक वर्षं झोपले. उन्हाळ्यात ती धुवायला ओढ्यावर न्यायचो तेव्हा पिळायला दोन माणसं लागत. भिजली की ती माणसासारखी जड व्हायची.

नोकरीत असताना अमेरिकेतल्या गोधड्यांविषयी वाचलं. अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं खेडं आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या कुटुंबांचं, कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्यांचं. तिथल्या बायका कामाच्या झिजल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. 2002 साली त्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या, पुढे त्यांची टपाल तिकिटंही निघाली. त्यात मिसूरी पेटवे या बाईची 1942 सालची एक गोधडी आहे. नवरा वारल्यावर त्याच्या शेतातल्या कपड्यांची तिने शिवलेली. त्याच वेळी इकडे युद्धाने कापड महाग करून ठेवलं होतं आणि वर्षा-दोन वर्षांत माझी आजी गोधडी उसवून नेसणार होती. आपल्याकडेही मुंबईच्या गीता खंडेलवालांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक केलं आहे. आता बचत गटाच्या बायका प्रदर्शनांत गोधड्या विकतात, उल्हासनगर-भिवंडीकडची चिंधी किलोवर येते, आणि नव्या सुती कापडाचे तुकडे करून त्याची छान रंगसंगतीची गोधडी होते. तिला चार पैसे मिळतात हे चांगलंच आहे. फक्त तिच्यात उसवून वाचण्यासारखं काही नसतं, कारण ते कापड अजून कुणी नेसलेलं नाही.

मला आता शिवायला शिकवा म्हणून शेजारच्या मुली येतात. मी त्यांना आधी उसवायला बसवते. कापडाचं आयुष्य संपलं की नाही हे ओळखायला शिकलं की बाकीचं सोपं आहे. हातभर दोरा, सैल टाका, आणि परकर सांभाळून बसायचं.

बाबा गेल्यावर त्यांची गोधडी आईने कुणाला दिली नाही. ती झिजून चाळणी झाली तेव्हा आम्ही दोघींनी मिळून नवी शिवली आणि ती तिच्या पोटात घातली. उसवायची गरज नव्हती, पण आईने मधला भाग थोडा उसवून पाहिलाच. खाकीचा रंग पार गेला होता, मऊ झाली होती. तिने त्यावर हात फिरवला, मधून कडेकडे, थर लावताना फिरवतात तसा, आणि म्हणाली, "धड आहे अजून. राहू दे."